रुखमाबाईच्या पोटरीचं माप

पुणे
२९ नोव्हेंबर २००९

प्रिय जहां,

काल ईद झाली. यंदाही तुझ्या हातच्या शेवया हुकल्या. फोन केला असता, पण घरचा फोन ज्ञानूदादाच्या खिशात, आणि मी तुझ्याशी बोलायला लागले की तो माझा सख्खा भाऊ शेजारीच खांबासारखा उभा राहतो. मला तुझ्याशी बायकांच्या पोटऱ्यांबद्दल बोलायचं आहे. म्हणून पत्र.

दिवाळीनंतर मी प्रबंधासाठी ती मोजायची डबी घेऊन गावी आले तेव्हा तू नसतीस तर माझं काम उभंच राहिलं नसतं. कापूस वेचणाऱ्या सतरा बायका एका ओट्यावर बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, डबी बांधून घेतली. का, तर जहां सोबत आहे. आपल्याकडच्या बायका माप द्यायच्या तर तुझ्याकडेच देतात, मग ते पोलक्याचं असो नाहीतर पायाचं. माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी सांगितलं की माझी मैत्रीण शिवणकाम करते आणि तिचा हात आमच्या प्रयोगशाळेपेक्षा सरळ आहे.

त्या दिवशी घाईत तुला नीट सांगता आलं नाही म्हणून आता सांगते. मायलाही वाचून दाखव. त्या डबीतून डोळ्याला न दिसणारा उजेड निघतो, तांबड्याच्या पलीकडचा. तो एका भोकातून कातडीच्या आत शिरतो, मांसातून फिरतो आणि दोन बोटांवरच्या दुसऱ्या भोकाशी परत येतो. रक्तात प्राणवायू असला की उजेड एका तऱ्हेनं परततो, संपत आला की दुसऱ्या. म्हणून तर मी एकेकीला वीस वेळा टाचा उचलायला लावल्या. पोटरी कामाला लागली की प्राणवायू खाते, पडद्यावरची रेघ खाली जाते. विसावली की वर येते.

अडचण एकच. कातडी आणि पोटरीच्या मांसामध्ये चरबीचा थर असतो. थर जाड असला तर उजेड त्यातच फिरून परत येतो, मांसापर्यंत पोचतच नाही. चरबी काही काम करत नाही, नुसती बसलेली असते, त्यामुळे रेघही नुसती बसून राहते. म्हणून मी तुझ्या हातात कातडीची घडी मोजायचा तो काट्याचा चिमटा दिला होता. चिमट्यात वीस मिलीमीटरच्या वर भरलं की ते मोजमाप आम्ही टाकून देतो. आपल्या सतरापैकी एकही टाकावं लागलं नाही.

आता मायचं. सोजराकाकूची रेघ विहिरीत बादली सोडावी तशी खाली गेली. मायची जेमतेम हलली. तिला सांग, तुझी पोटरी गावात सगळ्यात धट्टी आहे. चालताना वळ येतो, पोटरीत गोळा येतो म्हणते ना, तो वजनाचा आणि गुडघ्यांचा. अकोल्याच्या डॉक्टरकडे धावपळ करायची गरज नाही, उलट रोज चालायचं. मी डॉक्टर नाही, पण यंत्राला मायेचं-परक्याचं काही नसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तिच्यासाठी चालायचे बूट पाठवते.

तुझी,
राखी

•

वरवट बकाल
१४ डिसेंबर २००९

राखी,

तुह्यं पत्र आलं. नसतीस, राहिलं नसतं, असं वाचून मले वाटलं पोस्टमननं कोन्या मास्तरनीचं पत्र माह्या घरात टाकलं. चार वर्षं पुण्यात काय राह्यली, मले लिहितानाबी जीभ वळवते काय व? बरं, राग नको मानू. आमी खुशाल हावो. आमच्या घरधन्याची, मतीनची, पंक्चरची दुकान आता बसस्टँडच्या बाजूले आली. तुह्या वाट्याच्या शेवया तुह्या मायनं, मावशीनं, मलेच खाऊ घातल्या.

पत्र मावशीले तीनदा वाचून दाखवलं. पोटरी धट्टी हाये, तठी आली का म्हणे, पुन्हा वाच. मंग ज्ञानूभाऊनं ते पत्र माह्या हातातून घेतलं अन् कापूस मोजाच्या काट्यापाशी नेऊन चार मानसाइले दाखवलं. बुधवारी तो तिले अकोल्याले नेनार होता, गाडीवाल्याले सांगूनबी ठेवलं होतं. आता म्हणे, पुण्याचं यंत्र सांगून राह्यलं पाय चांगला हाये, तं एक दिवसाची वेचनी कायले बुडवाची. त्याचंबी खोटं नाही. यंदा पानी लांबलं, दोनदा पेरलं, अन् ही बीटीची पऱ्हाटी अशी का फुटली तं सारी एकदम फुटली. एका वेच्यात अर्धं शेत पांढरं, अन् बाया भेटून नाही राह्यल्या. मावशीनं बाया जमवल्या नाही तं ज्ञानूभाऊचा कापूस झाडावरच राह्यते.

मावशी आता बैलबंडीत बसत नाही. राखीनं सांगतलं म्हणते, अन् नाल्यापल्याडच्या वावरात पायी जाते. मजा सांगतो. वावरापरेंत तीनदा उभी राह्यते. पहिल्यांदा कोनाचीबी पऱ्हाटी पाह्यते, जशी काही इकत घेनार हाये. दुसऱ्यांदा वहान झाडते. तिसऱ्यांदा पदर खोचते. जराक उभी राह्यली का वळ जाते अन् पुन्हा चालाले लागते. बाया हासतात. तीबी हासते.

पन एक सांगतो, ती पह्यल्यासारखी हासत नाही. यंदा घरोघरी भाकरीसंग मिरची हाये, दुसरं काही नाही. मावशीच्या ताटातबी तेच हाये, मी रोज पाह्यतो. पन तिचं अंग हाये तसंच हाये, साखरेच्या आजाराच्या गोया घेऊनबी. लोकाइले वाटते चोरून खाते. मांगच्या महिन्यात रेशनच्या रांगेत पुष्पाबाई सरळ म्हणे, आमचं वाळून राह्यलं, हिचंच काऊन भरून राह्यलं? मावशी रांग सोडून रिकामी थैली घेऊन घरी आली. अशा वर्षात जाड बाईनं तोंड कुठं लपवाव? तू असती तं भांडली असती. मी होती, पन मी काही बोलली नाही. गिऱ्हाइकं हायेत माही.

एक इचारतो, सहज. चिमट्याचा आकडा जराक इकडं-तिकडं झाला तं काय होते? पोलक्यात मी दोन बोटं सैल ठेवतो, कमीजास्त झालं तं निभून जाते. तुह्या यंत्रात तसं काही सैल असनच ना?

तुही,
जहांआरा

•

पुणे
२६ डिसेंबर २००९

प्रिय जहां,

तुझ्या पत्रानं हसू आलं. मास्तरीण तर मास्तरीण. इथं मी 'मले' म्हटलं की वर्गातल्या मुली तोंडावर रुमाल धरतात, मग सवय लागते.

पुष्पाकाकूचं वाचून रागही आला आणि वाईटही वाटलं. मायला सांग, साखरेच्या आजारात अंग असं राहू शकतं, त्यात खाण्याची चोरी नसते. हे मी पुष्पाकाकूलाही येऊन सांगेन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, यंत्रात सैल काही नसतं. चिमट्याचा आकडा म्हणजे आमचा पाया. त्याच्या निम्मं करून चरबीचा थर धरायचा, त्यावरून उजेड मांसात किती पोचला ते ठरवायचं, आणि मगच रेघ वाचायची. समज, एखादीची चरबी आहे जास्त आणि वहीत लिहिली कमी. मग मी चरबीचीच रेघ वाचत बसेन आणि म्हणेन, वा, हिची पोटरी किती निवांत आहे. आत मांस गुदमरत असलं तरी मला पत्ता लागणार नाही. पण तुझ्या हातून असं काही होत नाही म्हणून तर निर्धास्त आहे. मॅडमनी विचारलंच, एकही बाई विसाच्या वर कशी नाही? मी म्हटलं, आमच्याकडच्या बायका दिवसभर पऱ्हाटीत उभ्या असतात.

माय तीनदा थांबते ते बरंच आहे. दमानं चालते. हळूहळू दोनदा थांबेल, मग एकदा.

पंजाबमामा परवा इथून गावी गेला, त्याच्याबरोबर बूट दिले आहेत. नंबर अंदाजानं घेतला. आधी घट्ट वाटतील, वापरून सैल होतील. तिला म्हणावं, काढून पेटीत ठेवू नकोस, रोज घाल.

मार्चमध्ये माझा प्रबंध जमा झाला की अकोल्याच्या एका कॉलेजात जागा निघणार आहे. मिळाली तर मायला माझ्याकडेच आणणार. तिला अजून सांगू नकोस.

तुझी,
राखी

•

वरवट बकाल
११ फेब्रुवारी २०१०

राखी,

दीड महिना म्या लिहिलं नाही. तुले वाटलं असन शिलाईची गर्दी हाये. गर्दी नव्हती. तीनदा लिहाले बसली अन् तीनदा कागद फाडला. आता जे लिहितो ते पूरं वाच, मंग मले जे म्हणाचं ते म्हण.

मावशीच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडली.

तू बूट पाठवले ते तिनं पहिल्या दिवसापासून घातले. घट्ट होते. म्या म्हटलं काढ, तं म्हणे लेकीनं धाडले, वापरून सैल होतीन. करंगळीवर फोड आला तो तिले समजलाच नाही, साखरेनं पायाची जान कमी झाली हाये तिच्या. मोज्याले डाग दिसला तवा पाह्यलं. हळद लावली, गावच्या डॉक्टरनं पट्टी केली, गोया देल्ल्या. जखम भरूनच नाही राह्यली. आता बोट काळं हाये अन् पाय थंडा लागते. दुसरा पाय गरम हाये, हा थंडा. रातभर पाय खाटेखाली लोंबता ठेवते, तसाच बरा वाटते म्हणते.

ज्ञानूभाऊले म्या म्हटलं, राखीले फोन लाव. तो म्हणे तिची परीक्षा हाये मार्चात, अन् पाय तं यंत्रानं चांगलाच सांगतला हाये, बोट काय, होईन बरं. तुह्यं ते पत्र अजून त्याच्या खिशात हाये. मावशीनं मले शपथ घातली, पोरीले काही लिहू नको. म्या ती शपथ आज मोडली.

आता दुसरं. हेच लिहाले मले दीड महिना लागला.

त्या दिवशी ओट्यावर मावशीच्या पोटरीले चिमटा लावला तवा काटा चौतीसवर गेला. वहीत म्या अठरा लिहिलं.

काऊन लिहिलं ते सांगतो. तू लॅपटॉपवर वाकलेली होती. मावशीच्या मांग सोजराबाई अन् पुष्पाबाई माना लांबवून माही वही पाहून राह्यल्या होत्या. सोजराबाईचं आठ भरलं होतं, पुष्पाबाईचं नऊ. रेशनच्या रांगेची गोष्ट तवा ताजी होती. मावशीनं डोये खाली घातले होते. चौतीस लिहिलं असतं तं सांजेपरेंत साऱ्या गावात झालं असतं. अन् मले ते नवं नाही, राखी. माह्या मापाच्या वहीत एकाबी जाड बाईचं खरं माप नाही. बाया वाकून वाकून पाह्यतात, म्हणून मी चार इंच कमी लिहितो, कमीच बोलतो, अन् कापड बेततानी मनातलं माप धरतो. पोलकं बराबर बसते, बाईबी खुश. बारा वर्षं झाली, कोनाचं काही बिघडलं नाही. मले वाटलं हेबी तसंच हाये. मावशीसंग आनखी तिघीचं म्या तसंच लिहिलं.

तुह्यं डिसेंबरचं पत्र वाचलं, आत मांस गुदमरत असलं तरी पत्ता लागनार नाही, अन् म्या ते घडी करून मापाच्या वहीत दडवलं. तवाच लिहाव लागत होतं. भेव वाटला. मंग वाटलं मावशी तं चालून राह्यली, असन बरीच. मंग बोट काळं पडलं.

हे पत्र भेटल्या-भेटल्या निघ. परीक्षा राहू दे.

जहांआरा

•

अकोला
३ मार्च २०१०

जहांआरा,

सोमवारी, धुळवडीच्या दिवशी, मायचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला. आधी करंगळी काढली होती, मग अर्धं पाऊल. विष वर चढत गेलं.

पायाची रक्ताची नळी वरूनच बंद होती. किती महिने, सांगता येत नाही म्हणाले. इथल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी पावलावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, नाडीच नाही. बस, दोन बोटं. नोव्हेंबरात आणली असती तर नळी उघडता आली असती, असंही म्हणाले.

तू चौतीसचे अठरा केलेस. दवाखान्यात येऊ नकोस.

राखी

•

पुणे
१८ एप्रिल २०१०

जहां,

आज वऱ्हाडीतच लिहितो. पुन्याच्या बोलीत मले हे लिहिता येऊन नाही राह्यलं.

त्या दिवशीचं पत्र लिहून म्या टपालात टाकलं अन् मले वाटलं आता छाती हलकी होईन. झाली नाही. मायले घरी पोचवून पुन्याले आली तवा तुही सारी पत्रं काढून वाचली. डिसेंबरच्या पत्रात तू लिहिलं हाये, वावरापरेंत तीनदा उभी राह्यते, जराक थांबली का वळ जाते, पुन्हा चालते. जहां, पायाची नळी बंद व्हाले लागली का मानूस असाच चालते. आमच्या पुस्तकात हे लिहिलेलं हाये, म्या परीक्षेत त्याच्यावर मार्क घेतले हायेत. तू शिवनकाम करनारी, तुह्या डोयाले ते दिसलं अन् तू मले जसंच्या तसं लिहून धाडलं. म्या वाचलं अन् लिहिलं, बरंच हाये.

आनखी एक. त्या ओट्यावर माह्या पुढ्यात एक पाय सोजराकाकूचा होता अन् एक मायचा. सोजराकाकूचा म्हणजे तुरीची वाळली तुराटी. दोघीच्या पोटरीत आठ अन् अठराचाच फरक हाये काय, हे समजाले चिमटा लागते काय? जन्मभर तिचे पाय पाह्यले म्या. ल्हानपनी त्याच्यावर डोकं ठेवून झोपली. पन त्या दिवशी म्या पडद्याकडं पाह्यलं, मायकडं पाह्यलं नाही. अठरा आकडा मले पाह्यजे होता म्हणून म्या तो घेतला. सतरापैकी सतरा, असं मॅडमले सांगाचं होतं मले. अन् बुटाचा नंबरबी अंदाजानं घेतला. तुले सांगत बसली का यंत्रात सैल नसते, अन् मायच्या पायाचा नंबर मले माहीत नव्हता.

मॅडमले सारं सांगतलं. तुह्यं नाव सांगतलं नाही, चूक माही हाये असंच सांगतलं, अन् ते खरंबी हाये. सतराही मोजमापं रद्द केली. एक वर्ष मांग गेली, अकोल्याची जागाबी गेली. त्याचं मले काही वाटत नाही.

मले घोर दुसराच हाये. डॉक्टर म्हणाले, एका पायाले झालं तं दुसऱ्यालेबी होऊ शकते, नजर ठेवा, चालतानी वळ आला तं लगेच आना. मी फोनवर इचारतो तं माय म्हणते डावा पाय फस्क्लास हाये. ज्ञानूदादा म्हणते फस्क्लास हाये. मांगंबी असंच म्हणत होते. मले खरं कोन सांगन?

येऊ नको असं म्या लिहिलं होतं. ते मांग घेतो. तू मायकडं जाशीन काय?

राखी

•

वरवट बकाल
९ मे २०१०

राखी,

तुह्यं पत्र येऊन दहा दिवस झाले, तरी मी गेली नाही. तोंड कोनतं नेऊ? दोन महिने मी त्या गल्लीनं जातच नव्हती, मशिदीच्या मांगून फेरा घालून जाए. मतीन म्हणे जाय, फार तं फार हाकलून देईन. तरी पाय उचलला नाही.

परवा मावशीनंच बलावलं. सोजराबाईच्या हातून निरोप, जहांले म्हणाव वही घेऊन ये, माप द्याचं हाये.

गेली. मावशी दारातल्या खाटेवर बसली होती, कुबड्या भिंतीले. पुष्पाबाईबी होती. खरं सांगाचं तं पुष्पाबाई रोज येते आता, मावशीचं पानी भरून देते. खामगावात नकली पायाचं शिबिर हाये, त्याच्या कागदावर कापून राह्यलेल्या उजव्या पायाचा घेर लिहून मांगतला हाये. ज्ञानूभाऊनं दवाखान्यात माप घेऊ म्हटलं तं मावशी म्हणे, माह्यं माप जहां घेते.

मी खाली बसली. टेप लावला. मावशी म्हणे, मोठ्यानं सांग किती भरलं. म्या हळूच सांगतलं. म्हणे, मोठ्यानं. म्या मोठ्यानं सांगतलं, सोळा इंच. अन् पूरं सोळा वहीत लिहिलं. पुष्पाबाईनं खाली पाह्यलं.

मंग मावशी म्हणे, तो राखीचा चिमटा तुह्यापाशीच राह्यला ना? हाव म्हटलं, बटनाच्या डब्यात हाये. म्हणे, घेऊन ये, आता डाव्या पोटरीचं घे. म्या म्हटलं, मावशी, माह्या हातानं नको. हे तुमचं मले पाप लागलं हाये, आनखी नको.

तवा ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. म्हणे, "मले अक्षर येत नाही, पन आकडा येते व. कापसाच्या काट्यापाशी जनम गेला माहा. त्या दिवशी चिमट्यात चौतीस होतं अन् तुह्या वहीत अठरा. म्या पाह्यलं होतं. राखी बाजूलेच होती, तिले सांगता आलं असतं. नाही सांगतलं. मले बरं वाटलं होतं. त्या अख्ख्या वर्षात तेवढं एकच बरं वाटलं होतं."

मी तठीच रडली, राखी, बायाच्या पुढं. मावशी रडली नाही. माह्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, आता जाय, चिमटा आन, ऊन वाढून राह्यलं.

आनला. डाव्या पोटरीले लावला. तेहतीस. पुन्हा लावला, तेहतीस. म्हणजे तुही डबी इथं काही कामाची नाही, तू ती पुन्याहून आनू नको. मंग म्या इचारलं, चालतानी वळ येते काय, खरं सांगा. तिनं लुगडं खाली ओढलं. मंग म्हणे, येते. कुबड्या घेऊन तुळशीपरेंत गेली का येते, उभी राह्यली का जाते. उन्हाळा लागल्यापासून हाये. ज्ञानूभाऊ दारात उभा होता, त्यानं हे ऐकलं. खिशातून तुह्यं ते नोव्हेंबरचं पत्र काढलं अन् चुलीत टाकून आला.

अकोल्याच्या डॉक्टरवानी म्या पावलावर दोन बोटं ठेवून पाह्यली. काहीतरी लागलं, नाडीवानी, बारीक. पन माह्या बोटाइवर माहा आता भरोसा नाही, म्हणून ते मी धरत नाही. पाय गरम हाये, रंग बराबर हाये, जखम कुठं नाही. हे डोयानं पाह्यलं, म्हणून लिहितो. बोटाच्या मधातबी पाह्यलं.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मावशी, ज्ञानूभाऊ अन् मी अकोल्याले निघून राह्यलो. ज्ञानूभाऊ तुले फोन लावनारच हाये, तू तिकडून तठीच ये. तुह्या मोजमापाच्या कागदावर त्या दिवशी जे खोटं लिहिलं होतं, त्याच्या जागी हे लाव, कोनाच्या कामी येवो का न येवो:

रुखमाबाई, उजवी पोटरी, चौतीस. आता नाही.
रुखमाबाई, डावी पोटरी, तेहतीस. तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा काटा मावशीनं स्वतः वाचला.

तुही,
जहां